आम्ही नको असू तर तसं सांगा: वेल्समधल्या एका कॅरव्हॅन साइटच्या मालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहीत आहे. पण एप्रिलपासून इंग्रजीत तीन ईमेल पाठवल्या, तिन्हींना मशीनचं तेच ते उत्तर आलं, की तुमचा निरोप मिळाला, लवकरच संपर्क करू, मग म्हटलं इंग्रजीत लिहून जे होतंय तेवढं मराठीत लिहूनही होईल, निदान मला मनमोकळं लिहिता तरी येईल. शिवाय बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री, लेस्टरकडची आपली मंडळी दर उन्हाळ्यात विचारतात, अगं तुमची ती वेल्सची साइट कुठली गं, आम्हालाही जायचंय, आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना तुमचाच पत्ता देत आले, तर आता त्यांनाही काहीतरी सांगायला लागेलच. साइटचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना पत्ता दिलाय त्यांना कळेल.

आम्ही म्हणजे पिच नंबर १४ (पिच म्हणजे कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, लावायची जागा). ओढ्याकडची, हॉथॉर्नच्या झुडपाला लागून असलेली. २०१३ पासून वर्षाला दोनदा तरी येतो, लॉकडाउनचं एक वर्ष सोडून. गाडी मी चालवते आणि नवरा टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची सुटी टाकी, रिकामी करतो, ही आमची वाटणी, आणि दोघांनाही वाटतं की आपण दुसऱ्याला फसवलं. शुक्रवारी घरून निघायचं, किडरमिन्स्टर, लेम्स्टर, किंग्टन, मागे कॅरव्हॅन असली की साध्या रस्त्याला ५० मैलांच्या वर जाता येत नाही, त्यामुळे माझ्यामागे वरात लागते, मग ले-बाय दिसला की बाजूला घेऊन सगळ्यांना सोडून द्यायचं, आणि एकदा का रस्त्यावर पांढऱ्या अक्षरात स्लोच्या जोडीला 'आराफ' लिहिलेलं दिसायला लागलं की आम्ही सुटलो. आराफ म्हणजे वेल्शमध्ये हळू. आमच्या घरात कोणी भराभरा जेवायला लागलं तरी आता आराफ म्हणतात.

तुमच्या शेतावरच का, तर त्याला कारण आहे. पलीकडच्या एलान खोऱ्यातली धरणं बर्मिंगहॅमसाठी बांधली. १९०४ मध्ये राजा सातवा एडवर्ड येऊन पाणी सोडून गेला आणि तेव्हापासून ते पाणी ७३ मैल, कुठेही पंप न लावता, नुसत्या उताराने आमच्या शहरात येतंय. उतार किती, तर २३०० फुटांना एक फूट. दीड दिवस लागतो म्हणे पोचायला. त्यासाठी खोऱ्यातली घरं, शेतं, चर्च, शाळा पाण्याखाली गेली, शंभरेक माणसं उठवली, आणि पैसे मिळाले ते जमीनमालकांना, कुळांना काही नाही. माझं माहेर मिरजेचं, कोयनेच्या लोकांचं ऐकत मोठी झालेय, त्यामुळे ही गोष्ट मला कोणी समजावून सांगायला लागली नाही. पहिल्यांदा क्रेग गॉखच्या धरणावर उभी राहिले तेव्हा वाटलं, अगंबाई, हाच आपला स्वयंपाकघरातला नळ!

आणि गंमत बघा, जिथून आम्हाला घरी पाणी येतं तिथून चार मैलांवर, तुमच्या साइटवर, मला मे महिन्यात प्यायचं पाणी गॅरेजवरून बाटल्यांनी आणायला लागलं.

ते कसं, ते सविस्तर सांगते कारण ईमेलमध्ये मी नुसतं "टॅप इश्यू" लिहिलं होतं आणि बहुतेक तिथेच चुकलं.

शनिवारी सकाळी साडेआठला मी अ‍ॅक्वारोल ढकलत नळावर गेले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अ‍ॅक्वारोल म्हणजे चाळीस लिटरचा पाण्याचा पिंप, तो आडवा पाडून रोलरसारखा ओढत न्यायचा, पोरांना फार आवडतं.) माझ्या पुढे एक तरुण बाबा, भाड्याच्या मोटरहोमवाला, पायात क्रॉक्स, कडेवर पोरगी, आणि त्याच्या हातात कॅसेट. संडासाची कॅसेट! ती त्याने एल्सनच्या, म्हणजे मैला ओतायच्या, खड्ड्यात व्यवस्थित रिकामी केली होती, त्यात त्याचं काही चुकलं नाही, पण तिथला धुवायचा नळ तुम्ही काळी पिशवी गुंडाळून बंद करून ठेवलाय, गेल्या ऑक्टोबरपासून, मग तो बिचारा धुणार कुठे? समोर दिसला तो नळ. प्यायच्या पाण्याचा. कॅसेटचं तोंड त्याने नळाच्या तोंडाला नीट चिकटवून लावलं आणि आत निळं पाणी खळाळायला लागलं आणि उसळून परत नळावर उडायला लागलं. मी ओरडले ते मराठीतच ओरडले. त्याचं तोंड असं झालं की पुढे मला रागावताच आलं नाही.

नळ मी मिल्टनच्या, म्हणजे जंतुनाशक, गोळ्या विरघळवून दोनदा पुसला, पाणी दहा मिनिटं सोडून दिलं, पण प्यायची हिंमत काही झाली नाही. मग बाकरवडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहिलं, फक्त पिण्याचं पाणी, कॅसेट धुऊ नये, आणि नळाला बांधलं. दुपारी तुमच्या ऑफिसातल्या मुलीने येऊन तो काढला. ऑफिसच्या परवानगीशिवाय पाटी लावायची नसते. मुलगी चांगली होती हो, सॉरी म्हणाली, पण तिला एवढंच काम सांगितलेलं. नळ दुरुस्त करायला सांगितलेलं कोणी नव्हतंच.

आधीच्या शेतकरी आजोबांच्या वेळी (तुम्ही ज्यांच्याकडून २०२२ मध्ये साइट घेतली ते) हे झालंच नसतं. ते काही फार सोयी देत होते असं नाही, उलट. शॉवरला २० पेन्सचं नाणं टाकायला लागायचं आणि डोक्याला शँपू असताना नेमकं पाणी जायचं. संडासाच्या खिडकीत कोळ्याची जाळी. वायफाय नावाचा प्रकार नाही. पण माणूस सकाळी सातला एक फेरी मारायचाच. हातात बादली, खिशात स्पॅनर, मागे लंगडं कुत्रं. नळ गळतोय का बघायचा, एल्सनवर पाणी मारायचा, फळ्यावर खडूने हवामान आणि आज अंडी आहेत की नाहीत ते लिहायचा, आणि भेटेल त्याला 'बोरे दा', म्हणजे गुड मॉर्निंग. आमच्या पहिल्या ट्रिपला मी ऑनिंगमध्ये, म्हणजे कॅरव्हॅनला जोडलेल्या तंबूत, वरणभाताचा कुकर लावला आणि दुसऱ्या शिट्टीला हा बाबा वाळूची लाल बादली घेऊन धावत हजर! त्याला वाटलं गॅस फुटला. पाच मिनिटं समजावल्यावर म्हणाला की बरं, मग शिजल्यावर दाखवा काय ते. वरणभात लिंबू पिळून खाल्ला त्याने, तूप जरा जास्तच घेतलं. पुढे दर वर्षी मी आले की विचारायचा, ट्रेन कधी सुटणार.

असो. म्हातारा आठवला की मी भरकटते.

मुद्दा असा की आम्हाला फाइव्ह स्टार नकोच आहे. ते पाहिजे असतं तर हॉटेलात गेलो असतो, कशाला घराला चाकं लावून फिरलो असतो. आम्हाला पाहिजे ते एवढंच, पाणी प्यायचं, पाणी अंघोळीचं, मैला टाकायची जागा आणि वीज, आणि हे चारही रोज कोणीतरी डोळ्याने बघितलेलं. मी एका शाळेत लॅब टेक्निशियन आहे, माझं सगळं आयुष्य रोज बघण्यात गेलंय, गॅसचा नळ बंद आहे का, सिंक तुंबलंय का. हे काम कोणाला दिसत नाही. ते बंद पडलं की मात्र आठवड्याभरात वास यायला लागतो.

आता शॉवरचं बघा. नाणं काढून टाकलंत, फुकट केलंत, छान. पण पाणी कोमट. माझ्याकडे दही लावायचं थर्मामीटर असतं, ते मी गरम पाण्याच्या नळाखाली धरलं, पाच मिनिटं पाणी सोडून, आणि आकडा आला ३६. दही लावायला अगदी उत्तम. पण लिजिओनेला नावाचे जंतूही याच उबेत खूष असतात, २० ते ४५ अंशांत ते वाढतात, म्हणून तर नळाला गरम पाणी एका मिनिटात ५० पर्यंत गेलं पाहिजे आणि न वापरलेले शॉवर आठवड्यातून एकदा तरी सोडले पाहिजेत असं इथले नियम सांगतात. हे मी तुम्हाला सांगायचं का? बायकांकडच्या चारपैकी दोन शॉवरना तुम्ही 'बंद' म्हणून चिकटपट्टी लावलीये, ती पट्टीसुद्धा आता पिवळी पडून सुटायला लागलीये, म्हणजे आतल्या पाइपात पाणी किती महिने नुसतं बसलंय त्याचा हिशोब करा. घाबरवत नाहीये, पण आमच्यात सत्तरीच्या पुढचे लोक खूप असतात.

वीज. पाटीवर १६ अँप लिहिलंय आणि पैसेही त्याचेच घेता. कॅरव्हॅनवाल्यांची किटली मुळात छोटी असते, हजार वॉटच्या आतली, म्हणजे चारेक अँप, आणि छोटा हीटर धरा अजून तेवढेच. एवढ्यावर आमचा बोलार्ड, म्हणजे पिचवरचा विजेचा खांब, उडतो. पूर्वी उडला की झाकण उघडून खटका वर करायचा, विषय संपला. आता तुम्ही झाकणाला कुलूप घातलंय आणि वर नंबर लिहिलाय, फोन करा. अहो त्या दरीत फोनला रेंज कुठे आहे! रेंजसाठी मला छत्री घेऊन गेटच्या वरच्या वळणावर जायला लागतं, तिथे व्हॉइसमेल लागतो, आणि व्हॉइसमेलने खटका वर होत नाही. आमच्या शेजारच्या बोलार्डच्या निळ्या सॉकेटचं तर झाकणच मोडलंय, ते कोणीतरी गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या सुतळीने बांधून ठेवलंय. वेल्सच्या पावसात सुतळी! मी फोटो पाठवला होता. दुसऱ्या ईमेलमध्ये, अटॅचमेंट बघा.

मग पैसे कुठे गेले ते वरच्या अंगाला गेल्यावर दिसतं. जिथे आधी मेंढ्या असायच्या तिथे आता अकरा नवीन लॉज, राखाडी रंगाचे, प्रत्येकाला लाकडी डेक आणि डेकवर हॉट टब. आमच्याकडे अंघोळीला गरम पाणी नाही आणि वर लोक रात्री अकराला उकळत बसलेले. रस्ता त्यांच्या दारापर्यंत डांबरी आणि पुढे आमच्याकडे चिखल. आणि दिवे! खांबाखांबावर पांढरे फ्लडलाइट. एलानच्या परिसराला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, लोक कुठून कुठून आकाशगंगा बघायला तिकडे येतात, आम्हीही त्यासाठीच येतो, माझ्या भाचीने सांगलीहून येऊन पहिल्यांदा आकाशगंगा पाहिली ती तुमच्या ओढ्याकाठी, चटईवर पडून, अंगावर गोधडी आणि दोन कोट. या मे मध्ये मी त्याच जागी पडून बघितलं तर मला फक्त खांब नंबर सहा दिसला.

धंदा मला कळतो. स्टॅटिकवाला (ज्याची कॅरव्हॅन एकाच जागी कायम उभी असते तो) आणि लॉजवाला वर्षाचे हजारो पौंड भाडं देतो, आला काय न आला काय. आणि आम्ही टूररवाले, म्हणजे कॅरव्हॅन घेऊन येणारे-जाणारे, वर्षातून आठ-दहा रात्री, त्याही पाऊस बघून, जाताना कचऱ्याचं पोतं ठेवून जाणार. त्यात साफसफाईला माणूस ठेवायचा, गवत कापायचं. तुमच्या जागी मी असते तर मीही आकडेमोड केली असती. इथल्या बऱ्याच साइटवर हेच चाललंय, दर वर्षी टूररच्या चार पिच कमी, चार लॉज जास्त.

पण मग तसं सांगा ना. की बाबांनो २०२७ पासून टूरर बंद. वाईट वाटेल, आम्ही दुसरी जागा शोधू, एखाद्या शेतावर पाचच कॅरव्हॅनची परवानगी असलेल्या छोट्या जागा असतात तिकडे जाऊ, तिथे तर कधीकधी नळ आणि एल्सन सोडून काहीच नसतं आणि तरी मजा येते. पण तुम्ही तसं सांगत नाही. तुम्ही आमच्याकडून २०२१ च्या दुप्पट पैसे घेता आणि खालचं शेत हळूहळू सडू देता, म्हणजे आम्ही आपणहून यायचं बंद करू आणि तुम्हाला म्हणता येईल, बघा, मागणीच राहिली नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यातला भाडेकरू निघावा म्हणून मालक कौलं फुटली तरी बदलत नाही, तो प्रकार. मी अशा वाड्यात वाढलेय. मला ते पहिल्या गळक्या थेंबाला ओळखू येतं.

यात एक गोष्ट मात्र नुसती गैरसोयीची नाही. वर लॉजना जागा पाहिजे म्हणून तुम्ही आमच्या पिचचे आकडे नव्याने मारलेत आणि १२ ते १७ या सहा पिच जवळजवळ आणल्यात. दोन कुटुंबांच्या कॅरव्हॅनमध्ये ६ मीटर अंतर पाहिजे, टूररच्या साइटसाठी १९८३ पासून सरकारचे जे नमुना नियम आहेत त्यात ते आहे, आणि ते उगाच नाही, कॅरव्हॅनला आग लागली तर ती मिनिटांत पेटते. मी टेपने मोजलं. माझ्या आणि १५ नंबरच्या मध्ये ३ मीटर ८० भरलं, ऑनिंग धरून त्याहून कमी. आणि अग्निशामकाच्या खांबावरची वाळूची बादली, तीच हो, कुकरवाली, तिच्यात आता सिगारेटची थोटकं आहेत. साइटचं लायसन्स काउन्सिल देतं, १९६० च्या कायद्याखाली, त्याची प्रत पूर्वी गेटजवळ काचेच्या पेटीत लावलेली असायची. आता त्या पेटीत हॉट टबची जाहिरात आहे. काउन्सिलला मी अजून लिहिलेलं नाही. अजून.

निघायच्या दिवशी तर कहरच. रात्रभर पाऊस, सकाळी आमची कॅरव्हॅन चिखलात एक वीत रुतलेली, मी गाडी लावली तर पुढची चाकं जागच्या जागी फिरून नवरा कमरेपर्यंत चॉकलेटी. आजोबा असते तर ट्रॅक्टर आला असता, विचारायलाही लागलं नसतं. ऑफिसातल्या मुलीने सांगितलं की विम्यामुळे आम्हाला गाड्या ओढता येत नाहीत, आणि वर चेकआउट बाराचं आहे हं, उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा चार्ज. शेवटी १५ नंबरच्या काकांनी, ज्यांच्याशी मी आदल्या दिवशी टेप घेऊन जवळजवळ भांडले होते, त्यांनी आपल्या लँड रोव्हरने आम्हाला बाहेर काढलं. त्यांना मी शंकरपाळ्यांचा अख्खा डबा दिला.

आमचं ऑगस्टच्या बँक हॉलिडेचं बुकिंग आहे, डिपॉझिट भरलेलं, पिच १४. ते रद्द करत नाहीये. तोपर्यंत मला लॉन, वायफाय, यातलं काही नको. एल्सनचा नळ चालू करा, तीस-चाळीस पौंडांचं काम आहे आणि ते सगळ्यात आधी करा. बॉयलरचं तापमान वाढवा आणि ते बंद शॉवर एकतर नीट करा नाहीतर पाइपासकट काढून टाका. सॉकेटचं झाकण बदला, कुलपाची किल्ली कोणातरी साइटवर राहणाऱ्या माणसाकडे ठेवा. मधली एक पिच सोडून द्या म्हणजे अंतर आपोआप होईल. आणि दिवे रात्री दहाला बंद करा, त्याने उलट तुमचं बिल वाचेल. आणि हे करायचं नसेल तर डिपॉझिट परत करून दोन ओळी लिहा की आता टूरर नकोत. दोन्हीपैकी काहीही चालेल. फक्त या वेळी मशीनने नको, माणसाने लिहा.

कळावे,
पिच १४

ता.क. भांडी घासायच्या खोलीतला डावीकडचा नळ गळत होता तो मी रविवारी बदलून टाकलाय, अर्धा इंची वॉशर होता, मधोमध चिरलेला. उरलेले तीन वॉशर खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेत. उजवीकडचाही लवकरच जाणार आहे. बाटलीचं झाकण घट्ट आहे, आधी बुडावर दोनदा थोपटा.